सावकाश नावाचा घोडा

"लगाम सैल सोडून घोड्यावर बसतो तो मोतद्दार नव्हे, पाहुणा. खाली उतर."

हे मी मोठ्याने म्हणाले. कालव्याच्या भरावावर गवत कापणाऱ्या चार बायका होत्या, आमचा माळी होता, किटल्या अडकवलेली सायकल धरून गवळी उभा होता. त्या सर्वांसमक्ष म्हणाले. दस्तगीर मुल्ला उतरला, त्याने लगाम माझ्या हाती दिला आणि डोक्यावरची टोपी सारखी केली. तो आमच्या पागेवर नऊ वर्षे मोतद्दार होता, घोड्यांची सगळी निगा त्याच्याकडे. त्याला चारचौघांत बोलण्याची माझी ती पहिली वेळ.

"एक सांगू का, आक्कासाहेब?"

"सांग."

"ह्यो रेसचा घोडा हाय. ह्येला वढलं की ह्यो पळतो."

"आणि सोडलं की?"

"सोडलं की ह्येला वाटतं, रेस सपली. जॉकी शेवटाला हात खाली टाकतो न्हवं का? तसं. मग आपसूक कदमावर येतो, चालाय लागतो."

"दस्तगीर, माझ्या वडिलांनी रिसाल्यातले दीडशे घोडे तयार केले. लगाम ओढला की थांबायचे, हे घोड्याला कळत नसेल तर ते त्याला शिकवायचे असते. आपणच घोड्याकडून शिकायला बसलो तर पागेवर शाळेची पाटी लावावी लागेल."

गवळी हसला. दस्तगीर "जी" म्हणाला आणि घोड्याच्या मागून चालू लागला.

ही हकिकत सव्वीस वर्षांपूर्वीची. नीरेच्या काठी आमचा मळा आहे. यजमान गेल्यावर तिथली जुनी पागा मी पुन्हा उघडली ती एका कामासाठी. शर्यतीतून उतरलेले घोडे माझ्याकडे येत. पाय दुखावलेले, वेग सरलेले, किंवा नुसते हरत राहिलेले. पाच-सहा वर्षांच्या घोड्यापुढे आणखी वीस वर्षांचे आयुष्य असते, आणि त्याला येत असते ते एकच काम : पळणे. त्याला सावलीत उभे राहायला शिकवावे लागते. ट्रॅक्टरशेजारून जायला, पाणी ओलांडायला, आणि मुख्य म्हणजे चालायला शिकवावे लागते. मग त्याच्यासाठी घर बघायचे. मुलींची स्थळे बघताना लोक जेवढी चौकशी करतात, त्याहून मी जास्त करी. माझा एक नियम होता. मी स्वतः त्या घोड्यावर बसून नदीच्या उतारापर्यंत जाऊन परत आल्याखेरीज कोणताही घोडा मळ्याबाहेर जात नसे.

आमच्या फाटकातून आत आला की शर्यतीचे नाव बाहेर राही. अंगी जो दोष असेल त्याच्या उलट नाव ठेवायची माझी रीत. एका चावऱ्या घोडीचे नाव गोडाई होते. रात्रंदिवस पाय आपटणाऱ्या एका घोड्याला आम्ही शांताराम म्हणत असू. हा नवा घोडा तांबूस अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला, पुढच्या डाव्या पायाची शीर सुजून शर्यतीतून बाद झालेला. पहिल्याच सकाळी त्याने माळ्याला कालव्यापासून फाटकापर्यंत फरपटत आणले. त्याचे नाव मी सावकाश ठेवले.

घोड्याचे मालक मुंबईचे. त्यांचे पत्र घोड्याबरोबरच आले होते. दसऱ्यापर्यंत घर मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास शेजारच्या जिल्ह्यातला एक बँडवाला त्याला वरातीसाठी न्यायला तयार आहे. वरातीचा घोडा डांबरी रस्त्यावर नाचवतात, ढोलाच्या तालावर, तासन्‌तास. त्या डाव्या पायाने एक लग्नसराई काढली नसती. आणि पाय गेलेल्या घोड्याचे पुढे काय होते ते मी पाहिलेले आहे. सांगत नाही.

आषाढाच्या आरंभी घोडा आला. पायाला विश्रांती म्हणून तीन आठवडे त्याला केवळ हाती धरून फिरवले. श्रावणापासून मी त्याच्यावर बसू लागले.

माझ्या हाताविषयी इथे सांगणे भाग आहे. मी आठ वर्षांची असताना वडील दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बादल्या देऊन मला अंगणाला फेऱ्या घालायला लावीत. पाणी सांडले की फेरी पुन्हा. "मूठ कमरेशी, कोपर बरगडीला," हे त्यांचे शब्द माझ्या कानांत अजून आहेत. सासरी आले तेव्हा मुलगी घोड्यावर बसते याचे कौतुक कोणाला नव्हते. पण लोणच्याच्या बरण्यांची घट्ट बसलेली झाकणे उघडेनात तेव्हा दीरमंडळी त्या निमूट माझ्याकडे आणून ठेवीत. थोरल्या जाऊबाई म्हणत, "हिच्या मुठीत सापडलं ते सुटायचं नाही." मला ते आवडे.

सावकाशला मात्र माझी मूठ उमगत नव्हती. मी लगाम घेतला की तो मान ताणी, तोंडातली कडी दातांत पकडी आणि निघे. मी अधिक ओढी. तो अधिक पळे. एकदा आम्ही दोघे शेजाऱ्यांच्या उसात गेलो आणि पानांनी कापलेली तोंडे घेऊन पलीकडच्या वाटेने बाहेर आलो. एकदा मी पडले. दस्तगीर धावत आला.

"लागलं का?"

"मातीला लागलं असेल. घोडा धर."

त्याने घोडा धरला. मी सदऱ्याची धूळ झटकत असताना तो घोड्याच्या कानाशी पुटपुटला, "तुझंबी बराबर हाय, आन्‌ त्यांचंबी बराबर हाय. मरण माझं हाय."

मी ऐकले. ऐकले नाही असे दाखवले.

त्याच्या रीतीने घोडा चालवायला मी त्याला परवानगी दिली असती, तर तीन दिवसांत प्रश्न सुटला असता. पण मी गवळ्यादेखत बोलून बसले होते. बोललेले मागे घेण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती, निदान मी तरी ती पाडली नव्हती.

दसऱ्याला आठ दिवस उरले असताना पाचगणीहून डॉक्टर हेमांगी केळुसकर आल्या. चाळिशीच्या, सडपातळ, मालवणकडच्या. पोलिओ झालेल्या मुलांचे एक केंद्र त्या चालवीत. मुलांना घोड्यावर बसवले की पाठ सरळ होते, कंबरेत बळ येते, हे त्यांनी अनुभवाने पाहिले होते. त्यांची एक गरीब घोडी होती, ती म्हातारी होऊन गेली. दुसरा घोडा हवा म्हणून माझे नाव कोणीतरी सुचवले.

पागेवर तेव्हा सावकाश सोडून चार घोडे होते. दोघांची घरे ठरलेली. गोडाई अजून नावाला जागत नव्हती. शांतारामची उंची पाहून त्यांनीच मान हलवली. मग त्या सावकाशपाशी थांबल्या. त्याने त्यांच्या खांद्यावर नाक ठेवले. ठाणावर तो असाच होता, कोणीही यावे आणि त्याच्या पोटाखाली बसून डबा खावा.

"हा?" त्यांनी विचारले.

"हा अजून तयार नाही," असे मी म्हणायला हवे होते. पण दसरा आठ दिवसांवर होता. मी म्हटले, "हा चांगला घोडा आहे. हात ओळखतो."

"कोणाचा हात?"

"स्वाराचा."

"हे बघा बाई," त्या म्हणाल्या. आमच्या तालुक्यात येऊन मला बाई म्हणणारी ती पहिली व्यक्ती. माळ्याने खुरपे थांबवून वर पाहिले. "माझ्याकडे अठरा मुलं आहेत. त्यांतल्या निम्म्यांच्या हातांत पेन्सिल राहत नाही. तुमच्यासारख्यांच्या हाताखाली घोडा चांगला चालेल यात नवल ते काय? ज्याच्या हातात जोरच नाही, त्याच्याखाली हा कसा चालतो ते मला बघायचंय."

"मुलांना मी घोड्यावर बसवून बघू देणार नाही."

"मीही देणार नाही. म्हणून तर विचारते."

"मग ऐका. मी स्वतः बसते. नदीच्या उतारापर्यंत जाऊन येते. परत येताना तुम्हाला तो कसा दिसतो ते पाहा आणि काय ते ठरवा."

दस्तगीरने खोगीर घातले, पोटाखालून त्याचा तंग आवळला. मी आत जाऊन हातमोजे घालून आले. जाड कातड्याचे, यजमानांचे. आश्विनातल्या त्या उकाड्यात हातमोजे पाहून डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. दस्तगीरने रिकीब धरली. मी चढले तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, "आक्कासाहेब, आज तरी..."

"बाजूला हो."

माझा बेत असा होता की नजरेच्या टप्प्यात असेतो त्याला कसाबसा कदमावर धरायचे. बाभळींच्या वळणापुढे तो उधळला तर कालव्याच्या चढावर दमवायचे, आणि परत येताना दमलेला घोडा दाखवायचा. फसवणूक होती. मी तिला तेव्हा अनुभव म्हणत असे.

वळणापर्यंत तो मान ताणून, कडेकडेने, पण चालत गेला. वळण ओलांडले आणि त्याने कडी दातांत घेतली. मी मूठ आवळली. तो निघाला. समोर वाट सरळ होती, तिच्या शेवटी उतार, उताराला दगड आणि त्यापुढे नदी. मी वडिलांचे शब्द मनात म्हटले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओढले.

आता जे आजवर कोणाला सांगितले नाही ते सांगते.

त्या चैत्रापासून माझी बोटे गेली होती. सकाळी उठल्यावर मूठ मिटत नसे आणि मिटली तर उघडत नसे. चहाची कपबशी मी बंद केली होती. दोन्ही हातांत धरता येतो म्हणून वाडग्यातून चहा घेई आणि "गार लवकर होतो" असे सांगे. बरण्या माझ्याकडे आल्या की "झाकणे उघडायला घरात तरुण माणसे नाहीत का?" म्हणून परत पाठवी. सदऱ्याची बटणे लावायला मला अर्धा तास लागे, म्हणून मी सर्वांच्या आधी उठे. वैद्य नाही, डॉक्टर नाही. सांगितले असते तर पहिली गोष्ट घोडा बंद झाली असती. हातमोजे होते ते सुजलेली पेरे कोणाला दिसू नयेत म्हणून.

त्या सरळ वाटेवर, घोडा भरधाव असताना, माझ्या उजव्या हाताची बोटे उघडली. मी उघडली नाहीत. त्यांनी मला विचारले नाही. पाठोपाठ डावा हात गेला. लगाम घोड्याच्या मानेवर पडला आणि तो उचलण्यासाठी मी बोटे वळवू गेले तर ती वळेनात. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात मी प्रथमच रिकाम्या हातांनी घोड्यावर बसले होते.

मी खोगिराच्या पुढच्या कडेवर मनगटे टेकली आणि नदीकडे पाहिले.

दहा-बारा ढांगांनंतर त्याचा वेग उतरला. भरधावची दुडकी झाली. दुडकीचा कदम. त्याने नाक फुरफुरवले, मान खाली सोडली आणि कान सैल टाकले. त्याच्या लेखी शर्यत संपली होती. उताराच्या दगडांवरून एकेक पाय जपून ठेवत तो पाण्यापर्यंत गेला, पाणी प्याला आणि मी कंबर वळवली तसा निमूट वळला. परतीच्या वाटेवर एक मोटारसायकल गेली. त्याने नुसता एक कान फिरवला.

दोन महिने मी त्याला थांबवत होते आणि तो मला ऐकत होता. माझे बोलणेच त्याच्या भाषेत उलटे होते. हे मला कळले ते माझ्या शहाणपणाने नव्हे.

बाभळींच्या वळणावर आम्ही पुन्हा नजरेच्या टप्प्यात आलो. माझे दोन्ही हात मांड्यांवर होते, कारण दुसरीकडे कुठे ठेवता येत नव्हते. लगाम मानेवर. घोडा देवळात निघालेल्या म्हाताऱ्याच्या चालीने येत होता.

डॉक्टर फाटकापर्यंत पुढे आल्या. "हात सोडून?" त्यांचा आवाज बदलला होता. "हात सोडून बसलात तुम्ही?"

तेव्हा मला एक वाक्य खरे बोलता आले असते. मी म्हणाले, "आमच्या पागेवर असेच बसतात."

माळ्याने माझ्याकडे पाहिले, मग दस्तगीरकडे. दस्तगीर घोड्याच्या डाव्या पायावरून हात फिरवत खाली बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"आणि कोणी लगाम ओढला तर?"

"तर पळेल," मी म्हटले. एवढे तरी खरे सांगणे भाग होते, मुले होती. "ओढलं म्हणजे पळायचं, असं त्याला लहानपणी शिकवलंय. ते जाणार नाही. मुलांच्या हाती लगाम द्यायचाच नाही. गळ्यात रुंद पट्टा बांधा, तो त्यांनी धरावा. पुढे माणूस चालेल, त्याच्याही हातात दोर सैल हवा."

"हे तुम्हाला बरं माहीत!"

"या कामात आयुष्य गेलं," मी म्हणाले.

दस्तगीरने घोड्याच्या गळ्यात पट्टा बांधला आणि डॉक्टर स्वतः बसल्या. जन्मात घोड्यावर न बसलेली ती बाई पहिल्या पाच मिनिटांत तीनदा दचकली आणि तीनही वेळा तिने गळ्यातला पट्टा गच्च धरला. सावकाश चालत राहिला. उतरल्यावर त्यांनी त्याच्या टिळ्यावर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "याला मी नेते."

"असा नाही. दीड महिना आणखी इथे राहील. तुमचा माणूस इथे येऊन शिकेल. मालकांना मी आजच कळवते. आणि नंतर पहिला महिना आमचा दस्तगीर तुमच्याकडे येऊन राहील."

दस्तगीर पुढे आला. हात धोतराला पुसले आणि अगदी अदबीने विचारले, "मोतद्दार म्हणून जाऊ, का पाहुणा म्हणून, आक्कासाहेब?"

डॉक्टरांना काहीच समजले नाही. त्या म्हणाल्या, "अहो, पाहुणा म्हणून या की!"

"मग झालं," दस्तगीर म्हणाला.

दुपारी सर्व पांगल्यावर मी पागेत गेले. तो खोगिराला तेल लावत होता. हातमोजे अजून माझ्या हातांत होते. मला ते काढता येत नव्हते. मी हात पुढे केले. त्याने चिंधी ठेवली, बटणे सोडली आणि लहान मुलाचे काढावेत तसे एकेक बोट मोकळे करत मोजे काढले. पेरे पाहून त्याला नवल वाटले नाही.

"तुला माहीत होतं?"

"चैतापासनं तंग मीच आवळतो न्हवं का? त्याच्या आदी कवा हात लावू दिला व्हता तुमी?"

"कोणाला बोललास?"

"घोडं बोलत न्हाई, मी कशाला बोलू?"

कालव्यावर काय बोलले होते ते आम्हा दोघांना आठवत होते. माफी हा शब्द माझ्या घशापर्यंत आला होता, असे मला पुष्कळदा वाटते. कदाचित तेही मी नंतर रचले असेल. प्रत्यक्षात मी म्हणाले, "उद्यापासून सावकाशला तूच बसून फिरव. तुला हवा तसा."

"जी."

त्यानंतर मी घोड्यावर बसले नाही. कारण विचारणाऱ्यांना मी सांगे की नदीच्या त्या फेरीहून चांगली फेरी होणे नाही, म्हणून थांबले. लोकांना हे उत्तर फार आवडले.

सावकाशने पाचगणीला अकरा वर्षे मुलांना पाठीवर फिरवले. एकदाही पळाला नाही. आपल्या जागी, उभ्या उभ्या नव्हे, पसरलेल्या गवतावर झोपेत गेला. त्याच्या मागून आमच्या पागेतून साठाच्या वर घोडे त्याच रीतीने तयार होऊन गेले. पुण्यामुंबईची मुलेमुली ती रीत शिकायला येतात. तिला नावही पडले आहे : आक्कासाहेबांचा हात. मी ते नाव पाडले नाही. पडू दिले. दस्तगीर वीस वर्षे ते नाव ऐकत त्या मुलांना शिकवत राहिला आणि प्रत्येक ईदला माझ्यासाठी शीरखुर्मा आणत राहिला, वाडग्यातून. गेल्या मार्गशीर्षात तो लोणंदला आपल्या लेकीकडे वारला.

आता पागा माझी नात ईश्वरी बघते. पागेच्या दर्शनी भिंतीवर पाटी लावायची आहे, वर मोठ्या अक्षरांत "आक्कासाहेबांचा हात" आणि खाली माझ्या तोंडच्या चार ओळी, असे तिने ठरवले. त्या चार ओळी सांगा म्हणून ती आज सकाळी वही घेऊन माझ्या खुर्चीपाशी बसली. माझ्या बोटांत लेखणी राहत नाही त्याला पुष्कळ वर्षे झाली.

पाटीवर "दस्तगीर मुल्ला यांची रीत" असे लिहावे. माझे नाव नको. चार ओळींऐवजी मी हे सगळे सांगितले, आणि ती ते उतरवून घेते आहे. पाहुणा या शब्दाशी तिची लेखणी पहिल्यांदा थांबली होती. आता पुन्हा थांबली आहे.

"आजी, हे खरंच लिहू?"

"लिही," मी म्हटले. "बोटं इतकी आवळू नकोस. सावकाश."